पॉइंट नको, फेरी हवी

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या दक्षिणेला डोंगराची जी लांबलचक भिंत उभी आहे, तिच्या माथ्यावर कासचे पठार आहे. सरळ रेषेत अंतर फार तर आठ-नऊ किलोमीटर. या डोंगररांगेच्या एका अंगाला वेण्णेचे खोरे आणि कण्हेरचा जलाशय, दुसऱ्या अंगाला उरमोडीचे खोरे, पश्चिमेला कोयनेच्या पाण्याचा शिवसागर आणि माथ्यावर खुद्द कास तलाव. डोंगर आणि तळी एकाच नजरेत यावीत अशी जागा महाराष्ट्रात शोधायला निघाल्यास जावळी तालुक्याच्या या पट्ट्यापुढे फारशी नावे उरत नाहीत. तरीही इथे येणाऱ्या बहुसंख्य माणसांचा दिवस मोटारीत जातो. रस्त्याच्या कडेला थांबायचे, कठड्याला टेकून फोटो काढायचा, कणीस खायचे आणि पुढच्या थांब्याकडे निघायचे. या लेखाचे म्हणणे साधे आहे. या प्रदेशाच्या पर्यटनाचे एकक मोटारीचा थांबा हे नसावे; दोन-तीन तासांत पायी पुरी होणारी, निघाल्या जागी परत आणणारी छोटी फेरी असावी. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जमिनीचे, पाण्याचे आणि गावांच्या मिळकतीचे गणित एकत्र मांडले तर उत्तर फेरीच्या बाजूने येते.

आधी थांब्यांची परंपरा कुठून आली ते पाहू. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्यात करार होऊन महाबळेश्वरचे गिरिस्थान कंपनी सरकारकडे गेले. उन्हाळा घालवायला येणाऱ्या साहेबांनी डोंगराच्या कडेकडेने जागा निवडल्या, तिथवर रस्ते नेले आणि त्यांना आपल्या माणसांची नावे दिली. ऑर्थर सीट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट ही त्यातलीच. बहुतेक पॉइंटांची रचना एकच आहे. रस्ता कड्यापाशी संपतो, समोर दरी उघडते आणि आल्या वाटेने परतावे लागते. केट्स पॉइंटवरून कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी फार देखणे दिसते, हे खरे. पण ते पाणी कुठल्या डोंगरावरून येते, कोणाच्या शेतात जाते, त्याच्या तळाशी कोणाची जमीन गेली, यातले काहीच त्या कठड्यावरून कळत नाही. मुलूख तिथे चित्र होऊन टांगला जातो. घोडागाडीच्या आणि पालखीच्या काळात, मूठभर पाहुण्यांसाठी, ही रचना चालून गेली. हजारो मोटारींच्या काळात तिचे दोष उघडे पडतात. रस्ता एकच, शेवट एकच. म्हणून कोंडी तिथेच, कचरा तिथेच आणि दुकानेही तिथेच. महाबळेश्वरला सुट्टीच्या दिवशी जे घडते, त्याचे मूळ माणसांच्या संख्येइतकेच या रचनेतही आहे.

कासवर हीच रचना पुन्हा उगवली. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली त्यात चार होती आणि कास त्यांपैकी एक. त्याआधी वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि साताऱ्याचे हौशी भटके यांच्यापुरते असलेले हे पठार रातोरात घराघरांत पोचले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या फुलांच्या हंगामात गर्दी इतकी वाढली की प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली. वाहतूक तुंबू नये म्हणून गर्दीच्या दिवसांत घाटाईकडचा रस्ता वापरून मोटारी एका वाटेने आणायच्या आणि दुसऱ्या वाटेने न्यायच्या, अशी व्यवस्था केली जाते. म्हणजे आल्या वाटेने परत जाणे गर्दीला परवडत नाही, हे प्रशासनाला मोटारींच्या बाबतीत पुरते उमगले आहे. मोटारींना फेरी मिळाली. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला मात्र अजून बहुतांश जाऊन-येऊन हाच हिशेब आहे.

फेरीने असे काय कळते जे थांब्यावरून कळत नाही? या रांगेचे पाणी घ्या. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या साताऱ्यात तो हजाराच्या आसपास येतो. उताराची ही सगळी शिडी जावळी तालुक्याच्या अंगावरून जाते. कासच्या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब वेण्णेत जातो, कण्हेरच्या सुमारे १० टीएमसीच्या धरणात अडतो आणि पुढे माहुलीला कृष्णेला मिळतो. दक्षिणेचा थेंब उरमोडीतून कृष्णेतच जातो. पश्चिमेला पडलेला थेंब शिवसागरात उतरतो. निसर्गक्रमाने त्यानेही कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटायला हवे, पण कोयनेच्या पाण्यापैकी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिली आहे. ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रात जाते. एकाच माथ्यावरचा पाऊस थोड्या पावलांच्या फरकाने बंगालच्या उपसागराचा किंवा अरबी समुद्राचा होतो आणि हा निवाडा काही अंशी डोंगर करतो, काही अंशी लवाद. यवतेश्वरावरून कासकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला कण्हेर आणि दुसऱ्या बाजूला उरमोडीचे पाणी दिसते. मोटारीतून ती नुसती दोन सुंदर तळी असतात. पाणलोटाची कड ओलांडून पलीकडे गेलेल्या, उतार पायाखाली जाणवलेल्या माणसाला ती दोन वेगळी खोरी असल्याचे सांगावे लागत नाही.

कास तलावाचेही तसेच. हौसेची जागा म्हणून तो प्रसिद्ध असला तरी एकोणिसाव्या शतकात तो बांधला गेला साताऱ्याच्या नळासाठी. डोंगरमाथ्यावरचे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत नेण्याची ती योजना होती, आणि आजही साताऱ्याच्या काही भागाला हे पाणी मिळते. अलीकडे भिंत उंच करून त्याची साठवणही वाढवण्यात आली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमियर तलावाची गोष्ट याच्याशी जुळते. मँचेस्टर शहराने १८९४ साली तिथून सुमारे ९६ मैल लांबीचा जलवाहक मार्ग काढला, तोही उताराच्याच बळावर. सुंदर तळे शहराच्या तहानेसाठी वापरावे का, यावर तिथे मोठा वाद झाला. कासबद्दल असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण तळ्याकाठी बसणाऱ्या बहुतेकांना आपण एका शहराच्या पाणवठ्यावर बसलो आहोत हेच ठाऊक नसते. काठावर फेकलेली बाटली आणि साताऱ्यातल्या घरचा माठ यांच्यातले नाते दाखवायला पाटीपेक्षा तळ्याभोवतीची चाल जास्त उपयोगी पडते. भिंत, सांडवा, येवा आणि पाणलोट हे सगळे वाटेत क्रमाने लागले की तळे आपोआप उलगडते.

अशी फेरी नव्याने शोधून काढावी लागणार नाही. कासच्या पठारावरून जुना राजमार्ग जातो. मोटाररस्ता होण्यापूर्वी सातारा, मेढा आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानची ये-जा या डोंगरवाटेने चाले. या मार्गाने थोडे आत चालत गेले की कुमुदिनी तलाव लागतो. तळे लहान आणि उथळ. पावसाळ्याअखेर पाण्यावर झालरीच्या पाकळ्यांची पांढरी कुमुदिनी पसरते. वाट जवळपास सपाट आहे, चढ-उताराचा त्रास नाही. वाटेत जांभ्याचा उघडा सडा, त्यातली पाणी साचणारी खळगी, मधूनच कारवीचे पट्टे आणि कडेला दरी असे चारही प्रकार येतात. उणीव एकच, की बहुतेक जण आल्या वाटेनेच परततात. जाताना राजमार्ग आणि येताना उघड्या खडकावरून आखलेली दुसरी वाट, अशी जोड दिली की फेरी पुरी होते. परतीची वाट नेमकी कुठून जावी हे वनस्पतींचे जाणकार आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतली गुरे वळणारी माणसे यांनी एकत्र बसून ठरवायचे काम आहे. मेढ्याच्या बाजूने कुसुंबीच्या काळूबाईकडून वर येणाऱ्या गाववाटा आहेत. मेढ्याजवळ मेरुलिंगचा डोंगर आहे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तासांची एकेक फेरी बसवता येईल.

आपल्याकडे डोंगराभोवती चालण्याची सवय नवी नाही. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायला लाखो माणसे येतात; त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात ट्रेकिंगचा बूट पाहिलेला नसतो. गडांच्या घेराला चक्कर मारणाऱ्या गडफेऱ्या अलीकडे लोकप्रिय झाल्या आहेत. तेव्हा मराठी पर्यटक चालणार नाही, त्याला दारापर्यंत मोटारच लागते, हा आक्षेप फार टिकत नाही. चालण्याला हेतू, ठरलेली वाट आणि ठरलेला शेवट असेल तर माणसे चालतात. पॉइंटवर चालणे होत नाही, कारण तिथे चालायला जागाच ठेवलेली नसते.

याहून गंभीर आक्षेप निसर्ग अभ्यासकांचा आहे. पठार म्हणजे नुसता खडक नाही. जांभ्यावर जेमतेम काही बोटे मातीचा थर, त्यात पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून जाणाऱ्या शेकडो जाती. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती. पाणथळ खळग्यांतला, मुख्यतः साताऱ्याच्या परिसरात आढळणारा वायतुरा. सुट्या दगडांखाली पाली, विंचू, बेडूक राहतात. साताऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी एक पाल २००८ साली, म्हणजे अगदी काल-परवा, विज्ञानाच्या नोंदीत आली, तीही अशाच सड्यांच्या मुलखातून. अशा जागी हजारोंची पावले न्यायची म्हणजे फुले वाचवायच्या नावाखाली फुले तुडवायची, असे हा आक्षेप म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण माणसांच्या वावराने होणाऱ्या हानीचा जगभर जो अभ्यास झाला आहे, त्याचे एक सूत्र इथे उपयोगी पडते. मऊ, वनस्पतींनी भरलेल्या जमिनीवर सर्वांत जास्त नुकसान पहिली काही पावले करतात. त्यानंतर त्याच रेषेवरून कितीही माणसे गेली तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे विखुरलेली शंभर माणसे एका रेषेत चालणाऱ्या हजारांपेक्षा घातक ठरू शकतात. रस्त्यालगतच्या थांब्यावर नेमके विखुरणेच होते. फोटोसाठी प्रत्येक जण चार पावले फुलांत शिरतो आणि प्रत्येकाची चार पावले वेगळी असतात. आखलेली फेरी हा वावर एका अरुंद, शक्यतो उघड्या खडकाच्या पट्टीवर बांधून ठेवते. लेक डिस्ट्रिक्टमध्येही लोकप्रिय वाटा इतक्या झिजल्या की दगड बसवून त्या दुरुस्त करणारी कायमची मोहीम चालवावी लागली. त्यातून घ्यायचा धडा असा की वाट आखली म्हणजे काम संपले नाही. डागडुजीचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रवेशशुल्कातून बाजूला काढला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग कुंपणच घाला आणि माणसे बाहेर ठेवा. हा प्रयोग कासवर होऊन गेला आहे. फुलांच्या रक्षणासाठी पठाराला लोखंडी जाळीचे कुंपण घातले गेले. गर्दीला त्याने आवर बसला, पण गुरांचा आणि रानजनावरांचा वावरही अडला. पुढे उंच गवत माजून फुले कमी झाल्याची तक्रार गावकऱ्यांकडून आणि अभ्यासकांकडूनही येऊ लागली आणि अखेर ते कुंपण काढण्यात आले. फुले कमी होण्याचे एकमेव कारण कुंपण होते असे म्हणणे घाईचे ठरेल. पावसाची लहर, कारवीचे अनेक वर्षांचे चक्र, वणवे, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. तरी एवढे निश्चित की हे पठार माणसाच्या आणि गुरांच्या वावराशिवाय घडलेले नाही. पिढ्यान् पिढ्या इथे जनावरे चरली, लोक ये-जा करत राहिले आणि त्या हलक्या वावरासह फुले टिकली. तेव्हा वावर असावा की नसावा, असा प्रश्न टाकून काही साधत नाही. तो किती, कुठून आणि कोणत्या महिन्यात असावा हे ठरवावे लागते. थांबा आणि कुंपण दोन्ही या प्रश्नाला बगल देतात. फेरीला मात्र त्याचे उत्तर दिल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो गावांकडून येतो. जावळीच्या घराघरांतून माणसे मुंबई-नवी मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून गेली. गावाकडे भातशेती, थोडी गुरे आणि मनिऑर्डर यांवर संसार चालले. आता कुठे पर्यटनाने गावात पैसा यायला लागला, तर तुम्ही रस्ते नको, हॉटेले नको, नुसते चाला म्हणता, असे कोणी विचारले तर त्याला रागावता येणार नाही. पण हिशेब नीट केला तर थांब्यांच्या पर्यटनातून गावाला नेमके काय मिळते? मोटारीने आलेला पाहुणा तासाभरात निघून जातो. त्याचे पेट्रोल साताऱ्याचे, मुक्काम महाबळेश्वरचा, जेवण हमरस्त्यावरचे. गावात राहतो तो पार्किंगचा आणि कणसाचा पैसा. जमिनीला भाव आला की ती बाहेरच्यांच्या हाती जाते आणि मग अनधिकृत बांधकामांचे वाद सुरू होतात. कासच्या रस्त्यावर ते वर्षानुवर्षे चालू आहेत. याउलट चालणारा पाहुणा अर्धा दिवस थांबतो. त्याला वाटाड्या लागतो, पिठलं-भाकरी लागते, आदल्या रात्री मुक्काम लागतो. शुल्काची आणि नोंदणीची व्यवस्था आजही कासवर वन विभाग आणि गावांची समिती मिळून पाहतात. वाटाड्यांचे काम तिच्यातच बसू शकते. शिवाय फुलांचा हंगाम फार तर दोन महिने. हिवाळ्यातल्या स्वच्छ हवेत शिवसागर आणि त्यापलीकडच्या कोयनेच्या रांगा सप्टेंबरच्या धुक्यापेक्षा कितीतरी चांगल्या दिसतात. फेरी फुलांवर अवलंबून नसल्याने मिळकतीचे महिने वाढवते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फेरीचा आग्रह म्हणजे गावांना मागासलेले ठेवून पाहुण्यांसाठी देखावा जपण्याची मागणी नव्हे. मेढा-केळघरच्या खोऱ्यातली गावे बोंडारवाडीच्या धरणासाठी वर्षानुवर्षे मागणी करत आली आहेत. भरघोस पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात पाण्याला मोताद व्हावे लागते, आणि खालची धरणे भरलेली असतात. ही त्यांची तक्रार न्याय्य आहे. दवाखान्यापर्यंत बारमाही रस्ता हाही हक्कच आहे. पण गावाला जोडणारा रस्ता आणि कड्यापर्यंत मोटार नेणारा रस्ता ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याच्या खर्चासाठी पहिल्याचे नाव पुढे करण्याची चलाखी ओळखायला हवी. मेढ्याला एसटीचे आगार आहे. फेऱ्यांच्या सुरुवातीला नेणाऱ्या चार जादा गाड्या सुरू केल्या तर त्याच गाड्या शाळेच्या मुलांनाही उपयोगी पडतील. कड्यावरच्या वाहनतळाबद्दल असे म्हणता येत नाही.

वयस्करांचे काय, अपंगांचे काय, हा प्रश्नही रास्त आहे. पण गडावर चढायला सांगणे आणि सपाट माथ्यावर तासभर चालायला सांगणे यांत फरक आहे. फेरीचा पहिला टप्पा छोटा आणि मोकळा ठेवला, तिथवर बॅटरीवर चालणारे वाहन जाऊ दिले, तर ज्यांना चालवत नाही त्यांचाही वाटा राहतो. सुरक्षेचे म्हणाल तर पावसाळ्यातले धुके, कड्यावरचा वारा, विजा आणि गवे-अस्वलांचा वावर हे खरे धोके आहेत; म्हणूनच वाट खुणांनी बांधलेली, वेळ ठरलेली आणि आत गेलेल्या प्रत्येकाची नोंद असलेली हवी. हे अशक्य नाही, हे याच तालुक्यातल्या वासोटा किल्ल्याने दाखवले आहे. बामणोलीला परवानगी घ्यायची, बोटीने शिवसागर ओलांडायचा, प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद द्यायची, ठरल्या वेळेत परतायचे. पावसाळ्यात मार्ग पूर्ण बंद. नियम कडक आहेत, तरी लोक येतात आणि बामणोलीच्या बोटवाल्यांचे संसार त्यावर चालतात. कोयनेच्या अभयारण्यात जे जमले, ते कासच्या पठारावर जमणार नाही असे मानायला कारण नाही.

हे सगळे आत्ताच बोलण्याचे कारण असे की या डोंगरांचा पुढचा नकाशा सध्या आखला जात आहे. नवीन महाबळेश्वर गिरिस्थानासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले असून सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली २३५ गावे त्या आराखड्यात घेण्यात आली. शिवसागराच्या काठी मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र २०२४ साली सुरूही झाले. रस्ते बांधणारी संस्था नियोजन करणार म्हटल्यावर रस्त्यांचा विचार आधी होणार, हे ओघानेच आले. त्यात पायवाटेची बाजू मांडायची तर भावनेपेक्षा कागद कामी येईल, आणि तो कागद आपल्या हातात आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावनकाशावर जुने पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेले असतात आणि त्यांची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. जावळीच्या ग्रामसभांनी आपापल्या नकाशावरच्या या रेषा शोधून काढाव्यात, त्या जागेवर तपासाव्यात, अतिक्रमणे नोंदवावीत आणि कोणत्या दोन रेषा जोडल्या की एक फेरी पुरी होते याची यादी ठराव करून आराखड्यावरच्या हरकती-सूचनांत द्यावी. यासाठी निधी लागत नाही, सल्लागार लागत नाही. तलाठ्याकडची प्रत, गावातली दोन जाणती माणसे आणि एक ग्रामसभा एवढे पुरते. रस्त्याची रुंदी आराखड्यात मीटरमध्ये लिहिली जाते आणि मग ती कोणाला पुसता येत नाही. पायवाटेची सव्वाआठ फूट रुंदी तितक्याच ठामपणे त्याच कागदावर आली, तर पॉइंट बांधायचा की फेरी राखायची हे गावांनाच ठरवता येईल. ती आली नाही, तर तो निर्णय गावांच्या वतीने दुसरेच कोणीतरी घेईल.